डेंड्रिटिक पेशी आणि कॉम्प्लिमेंट: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

प्रतिकारशक्तीच्या पुस्तकात कॉम्प्लिमेंट, म्हणजे जंतूंशी लढणारी रक्तातली प्रथिनं, एका प्रकरणात येतं आणि डेंड्रिटिक पेशी, म्हणजे सापडलेला जंतू इतर पेशींना दाखवणाऱ्या पेशी, दुसऱ्या. मधे शंभरेक पानं. विद्यार्थी दोन्ही पाठ करतात, पण ही दोघं शरीरात एकाच ठिकाणी, एकाच वेळी काम करतात हे बहुतेकांच्या लक्षातच येत नाही. शिकवताना हेच प्रश्न पुन्हा पुन्हा येतात, रुग्णांचे नातेवाईकही विचारतात. म्हणून उत्तरं एकत्र लिहून ठेवली आहेत.

पायात काटा मोडला तर जांघेत अवधाण का येतं?

या प्रश्नापासून सुरुवात केली की पुढचं सगळं सोपं जातं.

बाभळीचा काटा टाचेत घुसला. त्याच्याबरोबर माती आणि जिवाणू आत गेले. जखमेत रक्तद्रव झिरपतो आणि त्यात कॉम्प्लिमेंटची प्रथिनं आधीपासून तयार असतात. काही मिनिटांतच सी३ नावाच्या प्रथिनाचे तुकडे जिवाणूंच्या अंगाला चिकटू लागतात. कातडीत हातपाय पसरून बसलेल्या डेंड्रिटिक पेशी तिथेच असतात. त्या हे खूण लागलेले जिवाणू गिळतात, आखडलेल्या, चालत्या रूपात येतात आणि लसिकावाहिनीत शिरून जांघेतल्या गाठीची (लसिका ग्रंथीची) वाट धरतात. एक-दोन दिवसांत त्या तिथे पोचतात आणि पायात काय सापडलं ते टी पेशींना, म्हणजे ठरावीक जंतू ओळखून लढणाऱ्या पांढऱ्या पेशींना, दाखवतात.

मग गाठीतून बाहेर पडणाऱ्या पेशी थोपवल्या जातात, रक्तातून नव्या आत येतात आणि ज्यांना तो जिवाणू ओळखता येतो त्या भराभर वाढतात. कधी जिवाणूही वाहत तिथवर आलेले असतात. गाठ फुगते, हाताला लागते, दुखते. टाचेत घडलेल्या गोष्टीची बातमी जांघेपर्यंत पोचली, याचा तो पुरावा.

या बातमीत दोन गोष्टी असतात: 'काय सापडलं' आणि 'त्याचं काय करायचं'. दुसरी गोष्ट ठरवण्यात कॉम्प्लिमेंटचा मोठा हात आहे. या पानाचा विषय तोच.

कॉम्प्लिमेंट म्हणजे नेमकं काय?

रक्तद्रवात फिरणाऱ्या, एकमेकांना कापून जागं करणाऱ्या प्रथिनांची साखळी. मराठी पुस्तकांत 'पूरक प्रथिने' असा शब्द सापडतो. पेशींवरचे ग्राहक (रिसेप्टर) आणि लगाम घालणारी प्रथिनं धरली तर संख्या पन्नासच्या आसपास जाते. रक्तातला बराचसा साठा यकृत तयार करतं.

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस ज्यूल बोर्दे या बेल्जियन शास्त्रज्ञाने पॅरिसच्या पाश्चर इन्स्टिट्यूटमध्ये दाखवलं की प्रतिद्रव्यं (अँटिबॉडी) असलेला सीरम तापवला तर त्याची जिवाणू फोडण्याची ताकद जाते, आणि त्यात ताजा, न तापवलेला सीरम थोडा मिसळला की ती परत येते. म्हणजे प्रतिद्रव्यं उष्णतेला टिकतात, पण त्यांना पूर्ण करणारं दुसरं काहीतरी टिकत नाही. पॉल एर्लिख यांनी त्याला 'कॉम्प्लिमेंट' म्हटलं. बोर्दे यांना १९१९ चं नोबेल मिळालं.

हा प्रयोग आजही जिल्ह्याजिल्ह्यातल्या प्रयोगशाळांत रोज होतो, फक्त त्याला कोणी प्रयोग म्हणत नाही. सिफिलिससाठीच्या व्हीडीआरएल चाचणीच्या आधी सीरमच्या नळ्या ५६ अंशांच्या वॉटर बाथमध्ये ३० मिनिटं ठेवतात. 'सीरम इनॅक्टिव्हेट करणे' म्हणतात ते हेच: कॉम्प्लिमेंट मारून टाकायचं. चार तासांपेक्षा जास्त वेळ गेला तर पुन्हा १० मिनिटं तापवा, असं मला पहिल्या आठवड्यात शिकवलं होतं. का, ते कोणी सांगितलं नव्हतं. ते कळलं त्या दिवशी त्या साध्या वॉटर बाथकडे पाहण्याची माझी नजर बदलली.

साखळी सुरू होण्याचे तीन मार्ग आहेत. जिवाणूला चिकटलेल्या प्रतिद्रव्यावरून होते ती क्लासिकल, जिवाणूच्या पृष्ठभागावरच्या साखरेवरून होते ती लेक्टिन, आणि आपोआप, संथपणे सतत चालूच असते ती अल्टरनेटिव्ह. तिन्ही वाटा सी३ पाशी एकत्र येतात. सी३ कापला गेला की मोठा तुकडा, सी३बी, जवळच्या पृष्ठभागाला पक्का जोडला जातो. क्षणाच्या बारीक अंशात जोडला गेला नाही तर पाण्याशी संयोग होऊन वाया जातो. छोटा तुकडा, सी३ए, सुटून आसपासच्या पेशींना हाक देतो. पुढे सी५ चंही असंच होतं, आणि शेवटी काही जिवाणूंच्या आवरणाला भोक पाडणारी नळी तयार होते.

परीक्षेत सगळे त्या नळीवर पानभर लिहितात. माझ्या मते ती या यंत्रणेतली सर्वांत कमी महत्त्वाची गोष्ट आहे. खरी किमया सी३ च्या खुणेत आहे.

आणि डेंड्रिटिक पेशी?

पॉल लँगरहॅन्स हा बर्लिनमधला विद्यार्थी. १८६८ मध्ये त्याने कातडीच्या कापांना सोन्याच्या क्षाराचा रंग दिला आणि फांद्या फुटलेल्या पेशी पाहिल्या. त्याला त्या मज्जासंस्थेतल्या पेशी वाटल्या. (स्वादुपिंडातली, मधुमेहामुळे सगळ्यांना माहीत झालेली लँगरहॅन्सची बेटं त्याने पुढच्याच वर्षी वर्णन केली.) कातडीतल्या त्या पेशींचं खरं काम समजायला शतक लागलं.

१९७३ मध्ये न्यूयॉर्कच्या रॉकफेलर विद्यापीठात राल्फ स्टाइनमन आणि झॅनव्हिल कोन यांना उंदराच्या प्लीहेत अशाच फांद्यांच्या पेशी दिसल्या. ग्रीक भाषेत 'डेंड्रॉन' म्हणजे झाड. त्यावरून नाव पडलं. त्यांची संख्या इतकी कमी होती की अनेकांनी त्या मॅक्रोफेजचाच (जंतू गिळणाऱ्या मोठ्या पेशींचाच) एक नमुना म्हणून सोडून दिल्या. स्टाइनमन यांनी सोडल्या नाहीत. कधीच न लढलेल्या टी पेशीला पहिल्यांदा जागं करण्यात डेंड्रिटिक पेशीची बरोबरी कोणी करत नाही, हे त्यांनी वर्षानुवर्षं चिकाटीने सिद्ध केलं. २०११ चं नोबेल त्यांना जाहीर झालं ३ ऑक्टोबरला, आणि स्वादुपिंडाच्या कर्करोगाने त्यांचं निधन झालं होतं ३० सप्टेंबरला. आजारपणात त्यांनी स्वतःच्याच डेंड्रिटिक पेशींपासून बनवलेल्या प्रायोगिक लशी घेतल्या होत्या.

डेंड्रिटिक पेशीला कॉम्प्लिमेंटची खूण वाचता कशी येते?

तिच्या अंगावर त्यासाठीचे ग्राहक असतात. यातली एक गोष्ट सांगितली की वर्गात हमखास शांतता पसरते. उंदरातली डेंड्रिटिक पेशी ओळखायची तर जगभरच्या प्रयोगशाळा सीडी११सी नावाचं प्रथिन शोधतात. हे सीडी११सी म्हणजे कॉम्प्लिमेंट रिसेप्टर ४ चा अर्धा भाग. म्हणजे ज्या खुणेवरून आपण या पेशीला ओळखतो, ती खूणच मुळी कॉम्प्लिमेंट पकडण्याचा हात आहे. वर्षानुवर्षं हे नाव रोज उच्चारूनही ही दोन प्रकरणं वेगळीच शिकवली गेली.

त्याचा भाऊ सीआर३, म्हणजे कॉम्प्लिमेंट रिसेप्टर ३. हे दोघे सी३बी चा छाटलेला अवतार, आयसी३बी, घट्ट धरतात आणि तो ज्याच्यावर असेल त्याला गिळायला मदत करतात. सी३ए आणि सी५ए या सुटलेल्या छोट्या तुकड्यांसाठी वेगळे ग्राहक आहेत. ते गिळण्यासाठी नाहीत, ते मनःस्थिती बदलण्यासाठी आहेत. त्यांच्याकडून संदेश आला की डेंड्रिटिक पेशी टी पेशीला चिथावणारी प्रथिनं, सीडी८० आणि सीडी८६, वाढवते आणि आयएल-१२ हा टी पेशींना लढायला लावणारा संदेश जास्त सोडते.

कॉम्प्लिमेंट यकृतातून येतं, तर लसिका ग्रंथीच्या आत ते पुरतं का?

फार चांगला प्रश्न. उत्तर असं की यकृतावर अवलंबून राहावंच लागत नाही. डेंड्रिटिक पेशी स्वतः सी३, सी५ आणि साखळीला लागणारे इतर घटक तयार करते. ती आणि टी पेशी एकमेकींना चिकटतात तेव्हा त्या चिंचोळ्या जागेत दोघीही ही प्रथिनं सोडतात, तिथेच सी३ए आणि सी५ए सुटतात, आणि दोघी ते वाचतात. त्याच वेळी पेशींवरचा सीडी५५ हा लगाम सैल केला जातो. ज्या उंदरांत सीडी५५ मुळातच नसतो, त्यांच्या टी पेशींचा प्रतिसाद जास्त जोरदार असतो.

स्थानिक कॉम्प्लिमेंटला किती वजन आहे हे लंडनमधल्या स्टीव्हन सॅक्स यांच्या गटाने २००२ मध्ये मूत्रपिंड प्रत्यारोपणातून दाखवलं. दात्या उंदराच्या मूत्रपिंडाला सी३ बनवता येत असेल तर ते दोन आठवड्यांत नाकारलं गेलं. दात्याच्या मूत्रपिंडात सी३ चा जनुकच नसेल, तर तेच प्रत्यारोपण शंभर दिवसांहून जास्त टिकलं. घेणाऱ्या उंदराच्या रक्तात सी३ भरपूर होता, तरीही. पुढे याच गटाने दाखवलं की सी३ नसलेल्या डेंड्रिटिक पेशी टी पेशींना नीट जागं करू शकत नाहीत.

घरात पाण्याची टाकी असली तरी स्वयंपाकघरातली कळशी वेगळी भरून ठेवतात, तसं आहे हे. हाताशी असलेलं पाणी वेगळं.

खूण लागली म्हणजे नेहमी हल्लाच होतो का?

नाही, आणि हे समजलं नाही तर सगळा विषय उलटा समजतो.

आपल्या शरीरात रोज अब्जावधी पेशी मरतात. त्यांचा कचरा उचलावा लागतो, आणि उचलणाऱ्यांत डेंड्रिटिक पेशीही असतात. मरणाऱ्या पेशीवर सी१क्यू हे क्लासिकल साखळीतलं पहिलं प्रथिन येऊन बसतं, मग सी३बी, आणि लगेच नियंत्रक प्रथिनं त्याला छाटून आयसी३बी करतात. आयसी३बी साखळी पुढे नेऊ शकत नाही, पण सीआर३ ला मात्र ओळखू येतं. डेंड्रिटिक पेशी अशी मेलेली पेशी गिळते आणि शांत राहते. सीडी८० आणि सीडी८६ वाढत नाहीत, आयएल-१२ सुटत नाही. उलट अशा पेशीला भेटलेल्या टी पेशी सहनशील व्हायला शिकतात.

मग जिवाणूवरही तेच आयसी३बी असतं, तेव्हा फरक कशाने पडतो? सोबत काय आलंय त्याने. जिवाणूच्या भिंतीचे तुकडे जंतू ओळखणाऱ्या टोल-लाइक रिसेप्टरना डिवचतात, भोवती सी५ए सुटलेला असतो, सूज असते. मेलेल्या स्वकीय पेशीबरोबर यातलं काही येत नाही. खूण एकच, पण ज्या लिफाफ्यातून ती येते तो वेगळा. त्यामुळे 'कॉम्प्लिमेंट म्हणजे शत्रूवरचा शिक्का' हे वाक्य मी आता वर्गात वापरत नाही. 'हे उचला' एवढाच त्या खुणेचा अर्थ. उचलल्यावर काय करायचं ते डेंड्रिटिक पेशी बाकीच्या परिस्थितीवरून ठरवते.

हे बिघडलं तर काय होतं, ते सी१क्यू जन्मतःच नसलेल्या मुलांत दिसतं. हा विकार फार दुर्मीळ आहे, पण त्यातल्या नव्वद टक्क्यांहून जास्त जणांना ल्युपस (प्रतिकारयंत्रणा स्वतःच्याच शरीरावर उलटते तो आजार) किंवा ल्युपससारखा आजार होतो. एका जनुकाच्या दोषामुळे ल्युपस होण्याची इतकी पक्की शक्यता दुसरीकडे दिसत नाही. कचरा उचलला जात नाही, पेशींतला डीएनए उघडा पडतो आणि प्रतिकारयंत्रणा त्याच्याचविरुद्ध उभी राहते.

आणखी एक. सी१क्यू हे यकृतापेक्षा डेंड्रिटिक पेशी आणि मॅक्रोफेज जास्त बनवतात. अपरिपक्व डेंड्रिटिक पेशी ते सोडत राहते, परिपक्व झाली की थांबवते. म्हणूनच या मुलांत अस्थिमज्जेचं प्रत्यारोपण हा उपचार शक्य झाला: नव्या मज्जेतून आलेल्या पेशी सी१क्यू बनवू लागतात.

ल्युपसच्या रिपोर्टमध्ये सी३, सी४ कमी येतात. मग ते वाढवायचं औषध का देत नाहीत?

कारण बहुतेकांत ते कमी बनत नसतं, जास्त खर्च होत असतं. प्रतिद्रव्यांची जाळी मूत्रपिंडात आणि इतरत्र अडकून साखळी सतत पेटवत राहतात. औषधाने आजार आटोक्यात आला की आकडे आपोआप वर येतात. म्हणून डॉक्टर एका रिपोर्टपेक्षा महिन्यामहिन्याचा कल पाहतात. बऱ्याच प्रयोगशाळांत सी३ ची सामान्य मर्यादा साधारण ९० ते १८० मिलिग्रॅम प्रति डेसिलिटर असते, पण आपल्या रिपोर्टवर छापलेली मर्यादाच धरा. सीएच५० ही संपूर्ण साखळीची चाचणी सांगितली असेल तर नमुना थंड ठेवून लवकर पोचायला हवा. उन्हात पडलेल्या नळीतलं कॉम्प्लिमेंट संपून जातं आणि रिपोर्ट उगाच कमी येतो.

फॉलिक्युलर डेंड्रिटिक पेशी याच का?

नाहीत. नाव फसवं आहे. त्याही फांद्यांच्या दिसतात, पण त्या अस्थिमज्जेतल्या रक्तपेशींच्या वंशातल्या नाहीत, लसिका ग्रंथीच्या सांगाड्यातल्या आहेत. गिळून टी पेशीला दाखवणं हे त्यांचं काम नाही. सीआर१ आणि सीआर२ या ग्राहकांनी त्या कॉम्प्लिमेंट लागलेले प्रतिजन (प्रतिकारयंत्रणा ज्यांना ओळखते ते रेणू) अंगावर धरून ठेवतात, कधी कधी महिनोन्महिने, आणि प्रतिद्रव्यं बनवणाऱ्या बी पेशींना पुन्हा पुन्हा चाचपू देतात. कॉम्प्लिमेंटशी नातं दोघींचं आहे, कुळ वेगळं.

लशींशी याचा काय संबंध?

थेट संबंध आहे, आणि त्याची सुरुवात नागाच्या विषापासून होते.

नागाच्या विषात एक प्रथिन असतं जे रचनेने सी३ चं जवळचं नातेवाईक आहे. ते रक्तात गेलं की साखळी थांबतच नाही आणि सगळा सी३ खर्च होऊन जातो. (दंश झालेला माणूस दगावतो तो मुख्यतः मज्जासंस्थेवरच्या विषाने, हे प्रथिन वेगळं.) १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला मार्क पेपिस यांनी ते वेगळं काढून उंदरांना दिलं आणि मग त्यांना प्रतिजन टोचले. ज्या प्रतिजनांना टी पेशींची मदत लागते, त्यांच्याविरुद्धची प्रतिद्रव्यं फारच कमी तयार झाली. जिवाणू फोडणाऱ्या यंत्रणेचा प्रतिद्रव्य घडवण्याशी संबंध आहे, हे तेव्हा अनेकांना पटायला जड गेलं.

१९९६ मध्ये डग्लस फिअरन यांच्या गटाने उलट बाजूने तेच दाखवलं. अंड्यातल्या लायसोझाइम या प्रथिनाला सी३ च्या सी३डी या तुकड्याच्या तीन प्रती जोडल्या, तर उंदरात प्रतिसाद जागवायला हजार ते दहा हजार पट कमी मात्रा पुरली. यातला मोठा वाटा बी पेशीवरच्या सीआर२ चा आहे. पण बी पेशीला मदत करणारी टी पेशी आधी डेंड्रिटिक पेशीनेच शिकवलेली असावी लागते, त्यामुळे दोन्ही टोकांना कॉम्प्लिमेंट उभं आहे.

जंतू या व्यवस्थेचा गैरफायदा घेत नाहीत का?

घेतात, आणि आपल्याकडचे दोन जुने आजार याचे उत्तम नमुने आहेत. क्षयाचा जिवाणू सी३ ची खूण अंगावर लागू देतो आणि सीआर३ च्या दारातून मॅक्रोफेजमध्ये शिरतो, कारण आत राहणं हेच त्याचं ध्येय असतं. डेंड्रिटिक पेशीत शिरताना तो प्रामुख्याने डीसी-साइन हे दुसरं दार वापरतो आणि तिची धार बोथट करतो. कुष्ठरोगाचा जिवाणूही आपल्या आवरणातल्या खास मेदावर सी३ बसवून घेतो आणि त्याच मार्गाने आत जातो.

विषाणूंची तऱ्हा वेगळी. देवी आणि नागीण या विषाणूंच्या कुळांतल्या अनेकांकडे माणसाच्या नियंत्रक प्रथिनांची नक्कल आहे. ते साखळी पेटण्याआधीच विझवतात. या नकलांवर पुण्याच्या राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्रात अरविंद साहू यांच्या प्रयोगशाळेने बारकाईने काम केलं आहे.

कॉम्प्लिमेंट जास्त झालं तर दमा होतो का?

इतकं सरळ नाही. सी५ जन्मतः नसलेल्या ए/जे जातीच्या उंदरांत श्वासनलिका जास्त संवेदनशील असतात, असं २००० साली दिसलं. म्हणजे सी५ नसणं बाधलं, असणं नाही. पुढच्या प्रयोगांत पहिल्यांदा ऍलर्जन हुंगतानाच सी५ए चा ग्राहक अडवला, तर डेंड्रिटिक पेशींनी टी पेशींना ऍलर्जीच्या वाटेला जास्त लावलं. पण सूज एकदा जमली की हाच सी५ए ती भडकवतो. पहिल्या भेटीत राखणदार, नंतर आगीत तेल. काळवेळ न पाहता एखाद्या रेणूला चांगला किंवा वाईट म्हणणं म्हणूनच चूक ठरतं.

काढे, पावडरी, गोळ्यांनी ही यंत्रणा 'बूस्ट' करता येते का?

निरोगी माणसात सी३ ची कसलीच कमतरता नसते. मिलिलिटरमागे साधारण एक मिलिग्रॅम म्हणजे रक्तातल्या प्रथिनांत तो चांगलाच मुबलक आहे. या यंत्रणेत लगाम ओढण्याच्या कामालाही बरीच प्रथिनं आहेत, यावरूनच तिला काय हवंय ते कळतं. पैसे वाचवा. मुलांच्या लशी वेळेवर द्या.

कॉम्प्लिमेंट रोखणारी औषधं आहेत का? ती घेणाऱ्यांनी काय सांभाळावं?

आहेत. सी५ रोखणारं एक्युलिझुमॅब २००७ मध्ये अमेरिकेत मान्य झालं. ज्यात स्वतःचं कॉम्प्लिमेंट तांबड्या पेशी फोडतं अशा पीएनएच या रक्तविकारासाठी. सी३ रोखणाऱ्या औषधाची गोष्ट मला विशेष जवळची वाटते. अरविंद साहू पुण्यात येण्यापूर्वी पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात जॉन लँब्रिस यांच्याबरोबर काम करत होते. १९९६ मध्ये त्यांनी तिथे सी३ ला जखडणारी, अवघ्या १३ अमिनो आम्लांची कडी वर्णन केली: कॉम्प्स्टॅटिन. तिच्यापासून घडवलेलं पेगसेटाकोप्लॅन २०२१ मध्ये त्याच आजारासाठी मान्य झालं. एका शोधनिबंधातून औषधाची कुपी व्हायला २५ वर्षं लागली.

ही औषधं घेणाऱ्यांत मेनिंजोकॉकस या, मेंदूच्या आवरणाला सूज आणणाऱ्या जिवाणूचा धोका अनेक पटींनी वाढतो, कारण त्याच्याविरुद्ध ती भोक पाडणारी नळी खरोखरच लागते. उपचाराआधी त्याची लस देतात. सी३ रोखणाऱ्या औषधाआधी न्यूमोकॉकससारख्या इतर जिवाणूंच्या लशीही देतात. पण लस घेतली तरी धोका पूर्ण जात नाही. घरात असं औषध घेणारं कोणी असेल तर डॉक्टरांनी दिलेलं कार्ड पाकिटात ठेवा. थंडी वाजून ताप आला, मान आखडली, अंगावर दाबूनही न जाणारे लाल-जांभळे ठिपके दिसले, तर सकाळची वाट पाहू नका. त्याच रात्री रुग्णालयात जा आणि दारातच सांगा की कॉम्प्लिमेंट रोखणारं औषध चालू आहे.